हलले की दिसले



ज्वारीत दाणा भरला की शेतात बुजगावणे उभे करतात. जुना सदरा, मडक्याचे डोके, त्यावर चुन्याने काढलेले डोळे. पहिले एक-दोन दिवस पाखरे लांब राहतात. मग ती धीट होतात आणि बुजगावण्याच्या शेजारीच बसून दाणे टिपतात. तेव्हा शेतकरी काय करतो? बुजगावण्याच्या हाताला चकाकती फीत बांधतो. वारा आला की फीत फडफडते आणि पाखरे भुर्रकन उठतात. सदरा तोच, मडकेही तेच. मग फरक कशाने पडला? हलण्याने.

कुंपणावरचा सरडा समोर असूनही दिसत नाही. त्याने मान वर-खाली केली की लगेच दिसतो. आमचे गुरुजी फळ्याशी तिरपे उभे राहून लिहीत असतात, तरी कडेच्या रांगेत कोणी चुळबुळ केली की त्यांना कळते. मुले म्हणतात, "गुरुजींना कानामागं डोळं हायती!" गुरुजी हसून म्हणाले, "कानामागे नाहीत रे, डोळ्याच्या कडेला आहेत. आणि ते तुम्हाला सुद्धा आहेत."

डोळ्याला हालचाल कशी कळते, ते या लेखात सांगायचे आहे. गुरुजींनी सांगितलेली माहिती आणि आम्ही सातवीच्या मुलामुलींनी करून पाहिलेले प्रयोग यात आहेत. लेखाच्या शेवटी रस्त्याबद्दलची एक गोष्ट आहे. ती लहानथोर सर्वांच्या जिवाशी संबंधित आहे, म्हणून लेख मधेच सोडू नका.

१. डोळ्याच्या आत काय आहे?

डोळ्याच्या पुढच्या बाजूला बाहुली असते, तिच्यामागे भिंग असते. बाहेरचा उजेड त्यातून आत जातो आणि डोळ्याच्या मागच्या आतल्या भिंतीवर चित्र उमटते. त्या भिंतीला दृष्टिपटल म्हणतात. ते जाड कागदाएवढे पातळ असते. चित्र त्याच्यावर उलटे पडते, पण त्याची काळजी मेंदू घेतो.

दृष्टिपटलावर उजेड ओळखणाऱ्या दोन प्रकारच्या पेशी असतात. दंडपेशी मंद उजेडात काम करतात. त्या एका डोळ्यात सुमारे १२ कोटी असतात. शंकुपेशी रंग आणि बारकावे ओळखतात. त्या सुमारे ६० लाख असतात आणि दृष्टिपटलाच्या मध्यभागी त्यांची दाटी असते. म्हणून वाचताना आपण अक्षराकडे सरळ बघतो.

आता गंमत बघा. पेशी साडेबारा कोटी, पण डोळ्यातून मेंदूकडे जाणाऱ्या नसेत धागे मात्र सुमारे १० लाख. म्हणजे शंभरावर पेशींच्या वाट्याला एकच तार. एवढ्या पेशींची प्रत्येक बातमी तशीच्या तशी पाठवणे शक्यच नाही. मग काय पाठवायचे आणि काय गाळायचे, हे कोण ठरवते?

ते दृष्टिपटलच ठरवते. उजेड ओळखणाऱ्या पेशींच्या पुढे चेतापेशींचे आणखी थर असतात. ते बातम्या निवडतात. गावात रोज सूर्य उगवला ही बातमी कोणी कळवत नाही. ओढ्याला पूर आला तर कळवतात. दृष्टिपटलाचेही तसेच. "होते तसेच आहे" ही बातमी ते फारशी पाठवत नाही. "इथे काहीतरी बदलले" ही बातमी ते ताबडतोब पाठवते. बाळ आईच्या पोटात वाढत असताना दृष्टिपटल हे मेंदूतूनच फुटून बाहेर येते. म्हणून डोळा हा मेंदूचाच पुढे आलेला तुकडा आहे असे म्हटले तरी चालेल.

२. प्रयोग पहिला : कडेने आधी काय दिसते?

एका मुलाने खाली बसून समोरच्या भिंतीवरच्या टिंबाकडे एकटक बघावे. दुसऱ्याने त्याच्या मागे उभे राहून एक रंगीत खडू हातात धरावा आणि त्याच्या कानामागून हळूहळू पुढे आणावा. बसलेल्या मुलाने टिंबावरची नजर हलवायची नाही. एकदा खडू सरळ, स्थिर धरून पुढे आणा. एकदा तो बोटांत हलवत पुढे आणा.

आम्हाला असे आढळले की हलवलेला खडू फार लवकर कळतो. पण त्या वेळी विचारले, "खडू कोणत्या रंगाचा?" तर सांगता येत नाही. "काहीतरी हलले" एवढेच कळते. खडू आणखी पुढे आला की मग रंग कळतो.

याचा अर्थ असा की डोळ्याची कड ही राखणदार आहे. राखणदाराला बारकावे नकोत, कोणीतरी आले एवढे कळले की पुरे. तो हाळी देतो, मग आपण मान वळवतो आणि दृष्टिपटलाचा मधला भाग नीट तपासून सांगतो की हे मांजर आहे, शेळी आहे की शेजारचा बंड्या आहे.

३. प्रयोग दुसरा : न हलणारे पुसले जाते

पांढऱ्या कागदाच्या मधोमध पेनाने एक काळे टिंब काढा. त्याच्या बाजूला वीतभर अंतरावर फिक्या रंगाच्या खडूची भुकटी बोटाने पसरून रुपयाएवढा डाग करा. डागाच्या कडा पुसट असू द्या. कागद डोळ्यांपासून दीड वीत लांब धरा आणि फक्त टिंबाकडे बघा. वीस-तीस सेकंद नजर अजिबात हलवू नका.

डाग हळूहळू फिका होतो आणि नाहीसा होतो! नजर जराशी हलवली की परत दिसतो. हा प्रकार ट्रॉक्सलर नावाच्या डॉक्टरांनी १८०४ साली लिहून ठेवला आहे.

आपण सदरा अंगात घालतो तेव्हा तो अंगाला लागलेला कळतो, पण थोड्या वेळाने त्याची जाणीव राहत नाही. डोळ्याचेही तसेच आहे. एकाच जागी तेच ते पडत राहिले तर डोळा ते विसरतो.

तुम्ही म्हणाल, मग घराची भिंत का पुसली जात नाही? ती तर हलत नाही! त्याचे उत्तर असे की भिंत हलत नसली तरी आपला डोळा हलत असतो. आपण एकटक बघतो असे वाटते तेव्हासुद्धा डोळा बारीक बारीक थरथरत असतो. १९५२-५३ च्या सुमारास इंग्लंड आणि अमेरिकेतील शास्त्रज्ञांनी डोळ्यावर बसणाऱ्या भिंगाला छोटा आरसा लावून अशी युक्ती केली, की डोळा जिकडे हलेल तिकडे चित्रही तेवढेच हलेल. म्हणजे दृष्टिपटलावर चित्र एका जागी खिळून राहिले. काही सेकंदांतच ते चित्र बघणाऱ्याला दिसेनासे झाले. बदलच नाही, तर दिसणेही नाही.

४. बेडकाचे जेवण

पावसाळ्यात बेडूक कसा बसलेला असतो ते सर्वांनी पाहिले आहे. दगडासारखा बसतो आणि माशी उडाली की जीभ फेकतो. १९५९ साली अमेरिकेतील मॅसॅच्युसेट्स येथील लेटविन, मातुराना, मॅककलॉक आणि पिट्स या चौघांनी बेडकाच्या डोळ्यातून मेंदूकडे जाणाऱ्या नसेतले संदेश तपासले. त्यांना दिसले की बेडकाच्या डोळ्यात निरनिराळ्या कामांच्या पेशी आहेत. त्यांतल्या एका प्रकारच्या पेशी लहान, काळसर, सरकणारा ठिपका दिसला की जोरात संदेश देतात. म्हणजे जवळजवळ "माशी आली" असेच सांगतात!

त्यांनी असेही लिहिले, की बेडकाच्या भोवती न हलणारे खाद्य ठेवले तर तो उपाशी मरेल. पुढे अन्न आहे, पण ते हलत नाही, म्हणून त्याच्या लेखी ते अन्नच नाही. आमच्या वर्गातला एक जण म्हणाला, "मंग माशीनं गप बसावं की!" बरोबर आहे. कितीतरी प्राणी हेच करतात. टिटवी ओरडली की तिची पिल्ले जमिनीला चिकटून गप्प पडतात. मांजर शिकारीला निघाले की दोन पावले टाकते आणि थिजल्यासारखे थांबते. रानात हलणे म्हणजे दिसणे, आणि दिसणे म्हणजे कोणाच्या तरी तोंडी जाणे.

५. टाळ्यांचा खेळ : दिशा कशी कळते?

काहीतरी हलले हे कळले. पण कुठून कुठे गेले, हे कसे कळते? एक पेशी म्हणजे सुईच्या टोकाहून बारीक खिडकी. त्या खिडकीतून फक्त उजेड किंवा अंधार कळतो. तिला दिशा कशी ठाऊक?

यासाठी आम्ही मैदानावर एक खेळ खेळलो. तुम्हीही खेळा.

दहा पावलांच्या अंतरावर दोन मुले उभी करा. डावीकडचा 'क', उजवीकडचा 'ख'. जरा मागे, दोघांच्या मध्ये 'ग' डोळे मिटून बसला आहे. एक मुलगा 'क' पासून 'ख' पर्यंत असा चालत जाईल की त्याला पाच अंक मोजण्याइतका वेळ लागेल. नियम असा : चालणारा समोरून गेला की 'ख' ने लगेच टाळी वाजवायची. 'क' ने मात्र मनात पाच मोजून मग टाळी वाजवायची. दोन टाळ्या एकदम पडल्या तरच 'ग' ने ओरडायचे, "गेला!"

आता चालणारा 'क' कडून 'ख' कडे निघाला. 'क' मनात मोजू लागला. पाच झाले आणि त्याच वेळी चालणारा 'ख' पाशी पोहोचला. दोन्ही टाळ्या एकदम! 'ग' ओरडला, "गेला!"

मग चालणारा उलट आला. 'ख' ची टाळी आधीच वाजून गेली. चालणारा 'क' पाशी आला, 'क' ने आणखी पाच मोजले आणि मग टाळी वाजवली. दोन टाळ्यांत दहा अंकांचे अंतर पडले. 'ग' गप्पच बसला.

डोळे मिटूनसुद्धा 'ग' ला दिशा कळली! लागते ते एवढेच : दोन जागा, त्यांतल्या एकीच्या बातमीला थोडा उशीर, आणि दोन्ही बातम्या एकदम आल्या का हे बघणारा तिसरा.

चालणारा फार धावला किंवा फार रेंगाळला तर टाळ्या जुळत नाहीत. म्हणून वेगवेगळ्या वेगांसाठी वेगवेगळ्या जोड्या लागतात. उलट दिशेसाठी वेगळी जोडी लागते. डोळ्यात आणि मेंदूत अशा असंख्य जोड्या आहेत.

सिनेमात आपण फसतो तेही यामुळेच. सिनेमाच्या पडद्यावर काहीच सरकत नसते. एका सेकंदाला २४ स्थिर चित्रे एकामागून एक पडतात. पण आपल्या जोड्या एवढेच विचारतात, "आधी इथे, मग तिथे, असे झाले का?" झाले असेल तर त्या म्हणतात, "हलले!" दादासाहेब फाळके यांचा 'राजा हरिश्चंद्र' १९१३ साली लोकांनी पाहिला, तेव्हाही लोकांच्या डोळ्यांनी स्थिर चित्रांतून चालता-फिरता राजा असाच तयार केला.

६. किडा, ससा आणि फुलबाजी

टाळ्यांच्या खेळाची ही युक्ती जर्मनीतील बर्नहार्ड हासेनश्टाइन आणि वेर्नर राइकार्ट यांनी १९५६ साली मांडली. त्यांनी एका लहान भुंग्यावर प्रयोग केले. भुंग्याला जागेवर धरून ठेवले, त्याच्या पायात गवताच्या काड्यांचा हलका गोळा दिला आणि भोवती काळे-पांढरे पट्टे फिरवले. पट्टे जिकडे फिरतील तिकडे भुंगा वळू पाही. तो किती वळतो यावरून त्यांनी आतला हिशेब शोधून काढला.

पुढे १९६५ साली होरेस बार्लो आणि विल्यम लेविक यांनी सशाच्या दृष्टिपटलात अशा पेशी दाखवल्या, की ठिपका एका दिशेने गेला तर त्या खूप संदेश देतात आणि उलट गेला तर गप्प राहतात. हे बार्लो म्हणजे थोर निसर्गशास्त्रज्ञ चार्लस डार्विन यांचे पणतू. सशाच्या डोळ्यातली युक्ती टाळ्यांच्या खेळाहून थोडी वेगळी निघाली. तिथे नको असलेल्या दिशेने काही आले की शेजारची पेशी आधीच "थांब, बोलू नकोस" असा संदेश पाठवून तोंड बंद करते.

ही "थांब" म्हणणारी पेशी फार सुंदर दिसते. मधे ठिपका आणि चहूबाजूंना बारीक फांद्या, अगदी दिवाळीतल्या फुलबाजीच्या ठिणग्यांसारखी. २००२ साली शास्त्रज्ञांनी दाखवले की तिच्या प्रत्येक फांदीला आपापली दिशा कळते. २०११ साली तिच्या फांद्या कोणत्या पेशीला कुठे जोडलेल्या आहेत याचा बारीक नकाशा सूक्ष्मदर्शकाच्या मदतीने तयार झाला. ज्या दिशेची फांदी, त्या दिशेला नकार देण्यासाठीच ती जोडलेली असते.

माणसात दिशेचा मोठा हिशेब मेंदूच्या मागच्या भागात होतो. आपल्यातही अशा पेशी आहेत याचा एक साधा पुरावा आहे. पाटाच्या वाहत्या पाण्याकडे मोठ्या माणसाबरोबर, लांब सुरक्षित जागी बसून बघा. पाण्यातल्या एका जागेवर मिनिटभर नजर ठेवा आणि मग काठावरच्या दगडाकडे बघा. दगड उलट्या दिशेने सरकल्यासारखा वाटतो! १८३४ साली स्कॉटलंडमधला फॉयर्सचा धबधबा पाहताना रॉबर्ट अ‍ॅडम्स यांना असेच दिसले आणि त्यांनी ते लिहिले. एका दिशेच्या पेशी काम करून दमतात. दुसऱ्या दिशेच्या ताज्या असतात. दगडाकडे पाहिले की ताज्यांचा आवाज मोठा ठरतो, म्हणून दगड उलटा जातो असे वाटते.

७. सगळे शेतच हलते तेव्हा

इथपर्यंतचे प्रयोग सोपे होते. एक ठिपका, एक खडू. पण खरे शेत तसे नसते. वारा सुटला की सगळी ज्वारी डोलते, झाडाची पाने सळसळतात, ढगाची सावली रानावरून पळते. शिवाय आपण चालतो, मान वळवतो, डोळा थरथरतो. म्हणजे दृष्टिपटलावरचे चित्र तर सतत हलतच असते. सगळेच हलते तर डोळ्याने कोणाकोणाची बातमी द्यायची?

माझे आजोबा रात्री-पहाटे पिकाची राखण करतात. त्यांना विचारले, "आजोबा, वाऱ्यानं समदंच हलतंय, मग डुक्कर शिरलंय हे कसं वळखता?" ते म्हणाले, "आरं, वाऱ्यानं हललं तर समदं एका अंगानं हलतंय. जनावर शिरलं की तेवढाच पट्टा येगळा हलतोय. त्यो येगळा पट्टा बघायचा."

डोळाही नेमके हेच करतो! २००३ साली अमेरिकेतील शास्त्रज्ञांनी सशाच्या आणि सॅलॅमँडर या बेडकाच्या भाऊबंद प्राण्याच्या दृष्टिपटलावर प्रयोग केले. तिथे त्यांना अशा पेशी सापडल्या, की मधला भाग आणि आजूबाजूचा भाग एकदम, सारखाच हलला तर त्या गप्प बसतात. मधला भाग आजूबाजूपेक्षा वेगळा हलला तरच त्या संदेश देतात. आजूबाजूच्या हालचालीची बातमी त्यांना "थांब" म्हणते. दोन्ही बरोबर असतील तर हिशेब मिटतो. वेगळ्या असतील तर बातमी सुटते.

कोंबडी चालताना मान पुढे टाकते तेही डोळ्यासाठीच. नीट बघा : ती डोके झटकन पुढे नेते, मग अंग पुढे सरकेपर्यंत डोके जागच्या जागी ठेवते. तेवढा वेळ तिला शेत स्थिर दिसते आणि त्यात वळवळणारा किडा लगेच उठून दिसतो. कबुतराला फिरत्या पट्ट्यावर जागच्या जागी चालायला लावले, तर आजूबाजूचे काही सरकत नसल्यामुळे ते मान टाकत नाही. हे कॅनडात १९७८ साली प्रयोगाने दिसून आले.

८. हालचाल दिसेनाशी झाली तर?

मेंदूत हालचालीचा हिशेब ठेवणारी एक खास जागा असते. ती दुखावली तर काय होते, ते १९८३ साली जर्मनीतील डॉक्टरांनी लिहिले. एका बाईंना मेंदूतल्या रक्तवाहिन्यांचा आजार झाला. त्यांना रंग दिसत, माणसे दिसत, वाचता येई. पण हालचाल दिसेना. कपात चहा ओतताना त्यांना चहाची धार गोठल्यासारखी दिसे, त्यामुळे कप भरत आला हे कळत नसे आणि चहा सांडे. खोलीत माणसे फिरू लागली की आत्ता इथे होती ती एकदम तिथे दिसत. रस्ता ओलांडणे तर त्यांना फार अवघड झाले. गाडी लांब दिसे, आणि रस्त्यावर उतरावे तोच ती एकदम जवळ आलेली असे.

आपला मेंदू धडधाकट आहे. पण एका वेळी आपली गतही थोडीफार या बाईंसारखीच होते. कधी, ते आता वाचा.

९. समोरून येणारी गाडी

डावीकडून उजवीकडे जाणारी वस्तू दृष्टिपटलावर सरकत जाते, म्हणून सहज कळते. पण सरळ आपल्याकडेच येणारी वस्तू सरकत नाही. ती आपल्या जागेवर नुसती मोठी होत जाते. डोळ्यात त्यासाठीही पेशी आहेत. वरून घारीसारखी सावली मोठी होत आली की उंदीर बिळाकडे पळतो किंवा थिजतो, हे २०१३ साली प्रयोगशाळेत पाहिले गेले. घार दिसली की कोंबडीची पिल्ले आडोशाला पळतात हे तर आपण अंगणातच बघतो.

मग गाडी का नाही कळत? याचे उत्तर गणितात आहे. समजा, २ मीटर रुंदीची गाडी ताशी ६० किलोमीटर वेगाने येत आहे. म्हणजे १०० मीटर अंतर ती ६ सेकंदांत तोडते. आपण हातात फूटपट्टी घेऊन ती डोळ्यापासून ५० सेंटिमीटरवर धरली, तर त्या पट्टीवर गाडी किती रुंद दिसेल?

सुरुवातीला, गाडी १०० मीटरवर : १ सें.मी.
१ सेकंदानंतर, ८३ मीटरवर : १.२ सें.मी.
२ सेकंदांनंतर, ६७ मीटरवर : १.५ सें.मी.
३ सेकंदांनंतर, ५० मीटरवर : २ सें.मी.
४ सेकंदांनंतर, ३३ मीटरवर : ३ सें.मी.
५ सेकंदांनंतर, १७ मीटरवर : ६ सें.मी.
६ सेकंदांनंतर : गाडी आपल्यापाशी!

नीट बघा. पहिल्या सेकंदात गाडी फक्त २ मिलिमीटर वाढते. डोळ्याला ती जवळजवळ उभीच वाटते. पाचव्या सेकंदात एकदम ३ सेंटिमीटर वाढते. तेव्हा डोळा ओरडतो, "आली!" पण तेव्हा हातात एकच सेकंद उरलेला असतो.

मोटारसायकल तर अरुंद. ती १०० मीटरवर जेमतेम ४ मिलिमीटर दिसते आणि पहिल्या सेकंदात एक मिलिमीटरसुद्धा वाढत नाही. म्हणून मोटारसायकल लांब आहे, सावकाश येत आहे, असे वाटून माणूस फसतो.

आता रस्ता ओलांडायला किती वेळ लागतो? आम्ही मैदानावर फक्कीने ७ मीटर रुंदीचा रस्ता आखला आणि नेहमीच्या चालीने ओलांडला. बहुतेकांना ६ ते ७ सेकंद लागले. पहिलीतल्या मुलांना त्याहून जास्त लागले. म्हणजे १०० मीटरवरची गाडी "लांब हाय" म्हणून जो निघाला, तो पलीकडे पोहोचायच्या आधीच गाडी पोहोचते.

लहान मुलांना तर हे आणखी अवघड. २०११ साली लंडन विद्यापीठातील शास्त्रज्ञांनी प्राथमिक शाळेतील मुलांची आणि मोठ्या माणसांची परीक्षा घेतली. रस्ता ओलांडायला लागतो तेवढा वेळ आधी गाडीचे चित्र दाखवले, तर ताशी सुमारे ३२ किलोमीटरपेक्षा जास्त वेगाने येणारी गाडी जवळ येत आहे, हे मुलांना खात्रीने ओळखता येत नव्हते. मोठ्यांना ताशी सुमारे ८० किलोमीटर वेगापर्यंत ओळखता आले. म्हणजे मूल बेफिकीर असते असे नाही. त्याने बघितलेले असते. पण त्याच्या डोळ्याची आणि मेंदूची ती शक्ती अजून वाढायची असते. पालकांनो, "डोळं फुटलं व्हतं का?" असे मुलाला रागावण्याआधी एवढे लक्षात घ्यावे, ही विनंती.

मग काय करायचे? डोळ्याला जे नीट येत नाही ते काम त्याला सांगायचे नाही. जे येते तेच सांगायचे.

एक : गाडी किती वेगात आहे याचा अंदाज करत बसू नका. गाडी दिसते की नाही, एवढेच बघा. दिसत असेल तर थांबा.

दोन : जिथून रोज रस्ता ओलांडता तिथे मोठ्या माणसांकडून दोन्ही बाजूंना २०० मीटरवर एकेक खूण ठरवून घ्या. झाड, खांब, मैलाचा दगड, काहीही. गाडी त्या खुणेच्या अलीकडे असेल तर रस्त्यावर पाय ठेवायचा नाही. खूण हलत नाही, म्हणून ती फसवत नाही.

तीन : वळणावर, चढावर आणि उभ्या एस.टी.च्या पुढून-मागून ओलांडू नका. तिथे खूणच दिसत नाही.

चार : रात्री मोटारसायकलचा नुसता एक दिवा दिसतो. त्याचे मोठे होणे कळत नाही. तो गेल्याशिवाय निघू नका.

पाच : पालकांनी लहान भावंडांचा हात धरून रस्ता ओलांडावा. आणि शाळेजवळून गाडी नेताना वेग ताशी ३० किलोमीटरच्या आत ठेवावा. तेवढ्या वेगाची गाडी पोराच्या डोळ्याला कळते.

सांगा पाहू!

१. मांजर शिकार करताना मधूनमधून का थांबते?
२. टाळ्यांच्या खेळात उजवीकडून डावीकडे जाणारा ओळखायचा असेल, तर पाच अंक कोणी मोजायचे?
३. ताशी ३० किलोमीटर वेगाने येणारी गाडी १०० मीटर अंतर किती सेकंदांत तोडेल? तेवढ्यात तुमचा रस्ता ओलांडून होईल का?
४. तुमच्या घराजवळच्या रस्त्यावर २०० मीटरची खूण कोणती? घरच्या माणसांबरोबर जाऊन मोजा.

उत्तरे कागदावर लिहून, आपले नाव व इयत्ता घालून शनिवारपर्यंत गुरुजींच्या टेबलावर ठेवा. चौथ्या प्रश्नाची सगळी उत्तरे एकत्र करून गावाच्या रस्त्यांचा नकाशा पुढच्या अंकात लावणार आहोत.